कव्हरांचं अस्तर

"दादा, इसका कवर कहाँ है?" बांधलेल्या मासिकाची पानं उलटत कलकत्त्याहून आलेल्या अनुश्रीनं तुळशीरामला विचारलं.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या मराठी वाचनालयात सकाळपासून नुसती लगबग होती. छत्तीसगढ राज्य नवं, राजधानी नवी, आणि त्यात कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची माणसं स्कॅनर घेऊन आलेली. इथेच निघून बंद पडलेलं एक मराठी मासिक त्यांना हवं होतं. काढणाऱ्यानं त्याची नियमानं द्यायची प्रत कलकत्त्याला कधी पाठवलीच नव्हती. पूर्ण संच उरला होता तो एवढाच, वाचनालयाचा जुना बाइंडर तुळशीराम यानं बांधलेला. म्हातारा कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता. आपली बांधणी कलकत्त्याची माणसं हाताळणार म्हटल्यावर कुणाच्या अंगावर मूठभर मांस चढणार नाही?

शिवाय आज त्याची बायको इंदू सोबत होती. लग्न होऊन ती बीरगावात आली तेव्हा शेजारच्या दूधवालीनं तिला छत्तीसगढी कशी शिकवली, यावर तिनं या मासिकात एक पान लिहिलं होतं. उभ्या जन्मात छापून आलेलं तेवढंच. घरची प्रत भावानं अमरावतीला नेली ती गेलीच. इंदूनं मात्र कधी जिवाला लावून घेतलं नाही. "वाचनालयात हाये ना. अन् बांधलं तर तुमीच," असं म्हणायची. छापून आलं तेव्हा तुळशीराम म्हणाला होता, फुरसतीनं वाचतो. ती फुरसत त्याला काही मिळाली नाही.

आणि ते पान होतं मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला.

"कवर निकाल देते थे, दीदी," तो चाचरत म्हणाला. "बांधनी मोटी हो जाती थी."

"फेंक दिया?"

"फेंकूंगा कैसे? दुसरी किताबों के पुठ्ठे में चिपकाता था. अस्तर लगता है ना."

"दादा, हम तो कवर, इश्तिहार, सब सँभालकर रखते हैं," अनुश्री म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली, म्हणून ते जास्त लागलं.

तुळशीराम उठला. कपाटातून त्यानं स्वतः बांधलेलं एक पुस्तक काढलं आणि पुठ्ठ्यावर कटर चालवला. आत साबणाची जाहिरात निघाली, खळीनं खाल्लेली, बोट लावताच पापुद्रे सुटणारी. दुसऱ्यात एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो. तिसऱ्यात कसर लागून चाळण झालेलं एक कव्हर. चौथं पुस्तक त्यानं ओढलं तेव्हा इंदूनं त्याचं मनगट धरलं.

"हे काय करून राहिले?"

"तुयं पान पाहून राहिलो."

"किती पुस्तकं फाडसान?"

त्यानं कपाटांकडे पाहिलं. भिंतभर त्याच्याच हातची बांधणी. अख्खी नोकरी तिथं उभी होती.

"लागली तर सगळी."

"राहू द्या. पोट्टे वाचतात ते." तिनं कटर काढून घेतला. "हाये ना मी यातच कोठंतरी."

तुळशीराम खाली बसला. लाज वाटत होती, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"इंदू, काय लिहिलं होतं तू?"

"आज पुसून राहिले?" तिच्या आवाजात राग नव्हता. मग ती आठवू लागली. "मी त्या दूधवालीले म्हटलं, बाई, मले तुयी बोली नाही समजत. तर ते नुसती हसे अन् मान डोलावून म्हणे, हव. काही म्हणा, हव. अन् मंग…"

पदराचं टोक तिनं दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मंग लय मजेचं होतं काहीतरी. आता नाही आठवत."

पलीकडे स्कॅनरचा उजेड मासिकाच्या पानांवरून सरकत होता. तुळशीरामनं वाटीत खळ कालवली. फाडलेली तीन पुस्तकं पुन्हा बांधायची होती. इंदूनं पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. आत चिकटवायला त्यानं या खेपेला कोरा कागद घेतला.