गॉटलीबची गोळी

"तीनशे मॅग्नम घे, काका. आवाज थेट ओकोम्बाहेला जाईल. भावकीला कळू दे म्हातारा येतोय ते," कापुइरे म्हणाला आणि बंदुकांच्या कपाटाला टेकून आपल्याच विनोदावर हसत राहिला.

गॉटलीब होएबने तिकडे लक्षच दिलं नाही. कपाटात चार रायफली उभ्या होत्या. एकतीस वर्षं त्याने त्या पुसल्या होत्या, तेल लावून ठेवल्या होत्या, शिकारीला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या मागून खांद्यावर वाहिल्या होत्या. जनावरावर मात्र त्यातली एकही कधी झाडली नव्हती. तो या फार्मवरचा सोलणारा. शिकार टांगायची, कातडं उतरवायचं, मांस वेगळं करायचं, शिंगांसकट कवटी उकळून पांढरीशुभ्र करून द्यायची, हे त्याचं काम. अलीकडे बोटांचे सांधे धरू लागले होते आणि सुरी निसटू लागली होती. येत्या सोमवारी तो आणि बायको आल्बर्टिना आपल्या गावी, ओकोम्बाहेला, कायमचे निघणार होते. जाताना तुला काय देऊ, असं मालकाने, म्हणजे हाराल्डने, विचारलं तेव्हा गॉटलीबने मान खाली घालून एक गेम्सबॉक हरणाचा नर मागितला. तोही स्वतःच्या हाताने मारायचा.

खरं मागणं त्याच्या पोटातच राहिलं, पण ते फार्मवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. जनावराच्या अंगात सापडलेली गोळी धुऊन पांढऱ्या बशीत घालायची आणि जेवणाच्या वेळी शिकाऱ्यापुढे ठेवायची, ही हाराल्डच्या वडिलांनी घातलेली रीत होती. बशी गॉटलीबनेच आणायची. पाहुणा ती फुललेली, चेपलेली गोळी उचलून दिव्यापुढे धरी, ती टेबलभर फिरे, एखाद्याच्या डोळ्यांत पाणीही येई, आणि मग ती गोळी विमानात बसून परदेशी निघून जाई. जी कुणी नेली नाही ती गॉटलीबच्या कॉफीच्या डब्यात पडे. डबा पाऊण भरला होता. डोळे मिटून त्यातली एक उचलली तरी ती कुठल्या बंदुकीची आणि किती हाडं मोडून आली, हे तो सांगू शकत असे. पण त्यात त्याची स्वतःची एकही नव्हती. त्याला बशीतली एक गोळी हवी होती, आणि ती बशी दुसऱ्या कुणीतरी आणलेली हवी होती. एवढंच.

त्या पायी गेला आठवडाभर त्याची झोप उडाली होती. आज पहाटे त्याने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि तशीच पिऊनही टाकली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. गॉटलीबने तर सूर्य उगवायच्या दोन तास आधीच टोपी घालून ठेवली होती. लग्नाच्या दिवशी इतका नटला नव्हतास, असं आल्बर्टिना म्हणाली, आणि मग तिनेच त्याची कॉलर नीट केली.

"मॅग्नम नको," गॉटलीब आता म्हणाला. हाराल्ड किल्ली हातात घेऊन शेजारी उभा होता. "जवळून मारली की ती गोळी आत फुटते. अर्धा खांदा रक्ताचा चिखल होतो. तो मीच धुतलाय."

कुठली बंदूक चांगली यावर पाहुणे वर्षानुवर्षं त्या व्हरांड्यात हमरीतुमरीवर येत. मासिकांतली कात्रणं निघत, आकडे निघत. गॉटलीब बर्फ आणून ठेवी आणि ऐकून घेई, कारण निकाल दुसऱ्या दिवशी त्याच्या सुरीखाली लागायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला? सात-सत्तावन्न ही बंदूक त्याला मनापासून आवडे. खांद्याला धक्का कमी, चिमुकल्या स्प्रिंगबॉक हरणाला पुरेपूर, आणि नेम असेल तर थोराड कुडूलाही. पण गेम्सबॉक म्हणजे मानेचं कातडं जाडजूड आणि खांदा दगडी. शेवटी त्याने हाराल्डच्या आजोबांची जुनी नऊ-तीन उचलली. जड बंदूक, जड गोळी. लाथ मारते, पण खोटं बोलत नाही.

"आणि गोळ्या कुठल्या?" हाराल्डने विचारलं.

प्रश्न वाटतो तेवढा साधा नव्हता. खणात दोन पेट्या होत्या. एकीत मऊ शिशाच्या टोकाच्या गोळ्या. आत शिरली की ती छत्रीसारखी उघडते, फासळ्यांमधून जाते आणि बहुधा पलीकडच्या कातड्याखाली अडकते. बाहेरून हात फिरवला तर बोराएवढी गाठ लागते. बशीत शोभते ती हीच. दुसऱ्या पेटीतल्या गोळ्या अख्ख्या तांब्याच्या. त्या हाडालाही जुमानत नाहीत, एकीकडून शिरून दुसरीकडून निघून जातात. दोन भोकं, दोन्ही अंगांनी रक्त, माग काढणारा खूश. पण हाती काही लागत नाही.

"मऊ टोकाच्या," गॉटलीब म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

कापुइरेने तोंड भरून संमती दिली. तो फार्मचा मागकाढ्या. एरवी तांब्याच्या गोळीची आरती ओवाळणारा, पण आज म्हाताऱ्याचा दिवस होता. हाराल्डने फक्त तीन तांब्याच्या गोळ्या उचलून गॉटलीबच्या शर्टाच्या खिशात टाकल्या. वारुळाला टेकवलेल्या खोक्यावर गेले सहा दिवस तिघांनी दोन्ही जाती मारून पाहिल्या होत्या. शंभर पावलांवर तांब्याची तीन बोटं खाली लागत होती.

कोरड्या नदीच्या पात्रातून ते निघाले तेव्हा वाळू अजून गार होती. कापुइरे पुढे, हातात राखेने भरलेला पायमोजा. तो झटकून वारा बघे आणि बोटानेच वाट दाखवी. गॉटलीबचं काळीज इतकं धडधडत होतं की जनावरं त्यानेच उधळतील अशी त्याला भीती वाटली. दोन वेळा कळप निसटला. तिसऱ्या वेळी, काटेरी बाभळीच्या सावलीत, अकरा गेम्सबॉक उभे दिसले. करडी अंगं, काळे-पांढरे चेहरे, भाल्यासारखी सरळ शिंगं. कडेचा म्हातारा नर कळपापासून जरा सुटा होता.

नव्वद पावलं. हाराल्डने तीन काठ्यांचा टेकू उभा केला आणि गॉटलीबने बंदूक त्यावर ठेवली. एकतीस वर्षं तो टेकू त्याने दुसऱ्यांसाठी रोवला होता. आता दुर्बिणीत त्याला नराच्या पापण्याही दिसत होत्या, आणि आनंदाने त्याला हसू फुटायला आलं.

नर तिरका उभा होता. छाती अर्धी इकडे, आणि खांद्याचं जाड हाड नेमकं काळजाच्या वाटेत.

"थांब जरा. आडवा वळेल," कापुइरे पुटपुटला.

ते थांबले. नर आडवा वळेना. गॉटलीबला ते हाड आतून माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी एका पाहुण्याने अशाच तिरक्या खांद्यावर मऊ गोळी मारली होती. ती हाडावरच फुटली. कापुइरेने दोन दिवस माग काढला. जनावर सापडलं तेव्हा कोल्ह्यांनी मागून सुरुवात केली होती आणि ते अजून उभं होतं. गॉटलीबने त्या खांद्यातून शिशाचे अकरा तुकडे वेचले. त्या दिवशी बशी टेबलावर गेली नाही.

राखेचा मोजा पुन्हा झटकला, तेव्हा राख गालाला लागून गेली. वारा फिरत होता. कळपातल्या एका मादीने मान वर केली. अजून मिनिटभर, फार तर.

गॉटलीबने चापावरचं बोट काढलं. बंदुकीचा खटका हळूच मागे ओढला आणि मऊ टोकाची गोळी तळहातावर घेतली. हाराल्डने वळून पाहिलं. गॉटलीबची ताठरलेली बोटं खिशात चाचपडली, एक तांब्याची गोळी निसटली, दुसरी हाती आली. खटका पुढे गेला तेव्हा बारीकसा आवाज झालाच. नराने डोकं उचलून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

तीन बोटं वर, गॉटलीबने मनात म्हटलं, आणि चाप ओढला.

लाथ खांद्यात बसली. नर उसळला, कळप धुळीत विरघळला. तीस पावलं धावून नर पुढच्या गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. पुन्हा हलला नाही. कापुइरेने मोजाच हवेत फेकला, म्हाताऱ्याला कमरेत धरून उचललं, आणि दोघेही राखेने माखले. गॉटलीब इतका हसला की त्याला खोकला आला. इतकं मोठ्याने हसलेलं त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं.

हाराल्ड आधी जनावराजवळ पोचला. त्याने पलीकडच्या कुशीवर वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आरपार गेली."

"जाणारच," गॉटलीब म्हणाला. त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पण त्या नराला काही कळायच्या आत सगळं संपलं होतं, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार होती?

कापुइरे गाडी आणायला गेला. गॉटलीबने सुरी काढली. आपला गेम्सबॉक दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय नव्हती. पोट उघडून झालं आणि सवयीने त्याचा अंगठा पलीकडच्या फासळ्यांवरून, कातड्याच्या आतून, गाठ शोधत फिरला. गाठ नव्हती. अंगठा भोकातून सरळ बाहेर उजेडात आला. त्याने तो थोडा वेळ तसाच ठेवला.

वर पाहिलं तर हाराल्ड शेजारी नव्हता. बाभळीच्या मागे, जिथे नर उभा होता त्या पलीकडच्या उतारावर तो गुडघ्यांवर बसला होता, आणि दोन्ही हातांनी वाळू उपसत होता.

"राहू द्या, मालक," गॉटलीबने हाक दिली. "या वाळूत काय सापडायची ती."

"तू तुझं काम कर," हाराल्ड मान वर न करता म्हणाला. "एकतीस वर्षं सगळ्यांच्या गोळ्या तू शोधल्यास. ही मला शोधू दे."

ती सापडणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. गॉटलीबने सुरी मांडीवर पुसली आणि मागच्या पायापासून कातडं सोडवायला घेतलं. उतारावर मालक टोपीत वाळू भरत होता, बोटांनी चाळत होता, आणि रिकामी करून पुन्हा भरत होता.