पुन्हा विचारू नका

दशरथरावांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात काही उगवलं, की खराडीत त्यांच्या मुलाचा, चेतनचा, फोन वाजलाच म्हणून समजा. मग तो मीटिंगमध्ये असो, जेवत असो की बायकोशी भांडत असो. "चेतन, एक सूचना आलेली आहे, वाचून दाखवतो," अशी सुरुवात व्हायची, आणि मग ते खरंच वाचून दाखवायचे. अथपासून इतिपर्यंत, एकेक इंग्रजी अक्षर लावून. तळाशी बारीक टायपात कंपनीचं नाव असलं तर तेही सोडायचे नाहीत. "आता खाली दोन पर्याय दिलेत. एक, आत्ता रीस्टार्ट करा. दोन, नंतर आठवण करा. काय करू?"

आता यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक विभागात गेलेली. आलेला कागद वाचायचा, समजून घ्यायचा आणि वर पाठवायचा. तसाच टेबलावर पडू द्यायचा नाही, ही तिथली शिस्त. कॉम्प्युटरवर येणारी प्रत्येक चौकट त्यांच्या लेखी आवक होती आणि 'वर' म्हणजे चेतन. साहेबाला न विचारता निर्णय घेतला असं नोकरीत कधी झालं नाही, ते निवृत्तीनंतर कशाला व्हायला बसलंय.

आणि हा साहेब तरी कोण? ऑफिसातल्या झाडून सगळ्यांच्या लॅपटॉपवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर चालू आहे ना, अपडेट वेळच्या वेळी जातात ना, हे बघणाऱ्या टीमचा प्रमुख. लोक अपडेट पुढे ढकलत राहायचे आणि चेतन त्यांना खरमरीत मेल पाठवत राहायचा. 'आपल्या लॅपटॉपला आपल्याहून जास्त काळजी आहे, कृपया त्याचं ऐका,' असला त्या मेलचा थाट. मागून सगळे त्याला रीस्टार्टवाले म्हणायचे, आणि त्याला ते कळलं तेव्हा तो उलट खूश झाला होता.

दशरथरावांनी कॉम्प्युटर घेतला तो गाण्यांसाठी. गाणी त्यांच्या थोरल्या बहिणीची, ललिताआत्याची. दशरथराव तिला आक्का म्हणायचे. ती विश्रांतवाडीला राहायची. छप्पन साली धम्म घेतल्यावर वस्तीतल्या बायकांनी जुन्या चालींवर नवी गाणी बांधली होती, बुद्धाची, बाबासाहेबांची, पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरींचीसुद्धा. ती त्यांच्या आईला येत होती, आईकडून आक्काने उचलली. कुणी लिहून ठेवली नाहीत, कुणी छापली नाहीत. बायको गेल्यावर कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये दशरथराव एकटे पडले, आणि दर शनिवारी बस बदलून आक्काकडे जायला लागले. मोबाइल तिच्यासमोर ठेवायचा, ती गाणार, घरी आल्यावर ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. मोबाइल भरायला लागला तेव्हा चेतननेच सांगितलं होतं, "पप्पा, कॉम्प्युटरवर गेलं ना? मग मोबाइलमधून उडवून टाका." त्यांनी लगेच उडवून टाकलं. साहेबांचा आदेश.

मग आक्काला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गाणी आता फक्त कर्वेनगरच्या त्या एका कॉम्प्युटरवर होती.

हे सगळं चेतनला माहीत होतं, आणि तरीही त्याने ते केलं.

दिवस पावसाळ्यातले होते. परदेशी क्लायंटसमोर त्याचं सादरीकरण चाललं होतं आणि फोन टेबलावर थरथरत होता. कट केला, पुन्हा आला. पुन्हा कट केला, पुन्हा आला. शेवटी बाहेर जाऊन उचलला तर, "चेतन, दोन सूचना एकदम आल्यात. एक अँटिव्हायरसची मुदत संपल्याची आहे आणि दुसरी म्हणते, बॅकअप घ्यायचा का? आधी कोणती घेऊ?" चेतनचं डोकंच सणकलं. "कशालाच हात लावू नका, मी बघतो," म्हणाला, आणि मीटिंग संपल्यावर आपल्या जागेवरूनच वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. अपडेट बंद केले. मुदत संपलेलं, रोज नूतनीकरणासाठी भुणभुण करणारं अँटिव्हायरस काढूनच टाकलं, आणि कॉम्प्युटरचं स्वतःचं संरक्षण कुरकुर करायला लागलं तर तेही बंद केलं. बॅकअपची आठवणही बंद. प्रत्येक चौकटीच्या खाली 'पुन्हा विचारू नका' असं लिहिलेलं होतं, तिथे तो खूण करत गेला. येत्या सुट्टीत जाऊन सगळं नीट बसवून देऊ, असं मनाशी म्हणालाही. पण सुट्टीला काय, शंभर कामं निघतात, आणि फोन यायचे थांबल्यावर त्याला आठवण तरी कोण करणार?

काही दिवसांनी दशरथराव जेवायला आले होते तेव्हा कौतुकाने म्हणाले, "कॉम्प्युटर आता शहाणा झाला बरं का. काही म्हणजे काही विचारत नाही."

चेतन हसला. अक्षताने, त्याच्या बायकोने, विचारलं, "का रे हसतोस?" तर काही नाही म्हणाला.

नोव्हेंबर आला. पेन्शनर लोकांच्या आयुष्यात नोव्हेंबर म्हणजे जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. दशरथरावांना मेल आलं, 'हयातीचा दाखला अपूर्ण, सोबतची फाइल त्वरित उघडून पाहावी.' आलेला कागद पडू द्यायचा नाही. त्यांनी उघडला. थोड्या वेळात पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला की तुमच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. तो मजकूर त्यांनी फोनवर वाचून दाखवला खरा, पण या वेळी शेवटी 'काय करू?' असं विचारलं नाही.

चेतन खराडीहून धावत आला. जे जे येत होतं ते सगळं करून बघितलं. गाण्यांच्या फाइलींची नावं दिसत होती, उघडत एकही नव्हती. ती मेलमधली फाइल त्याने ऑफिसात नेऊन तपासली, आणि तिथल्या सॉफ्टवेअरने ती पापणी लवायच्या आत पकडून बाजूला टाकली. नवीन काही नव्हतंच त्यात, जुना माहितीतला चोर होता. वडिलांच्या कॉम्प्युटरवर साधं, फुकटचं, मुळातच असलेलं संरक्षण चालू असतं तरी तो दारातच अडला असता. चेतन खुर्चीत बसून राहिला. त्याला स्वतःची अशी किळस आली की डबाही खाववला नाही.

संध्याकाळी कर्वेनगरला गेला तो सांगायचंच असं ठरवून. तर दाराशीच दशरथराव म्हणाले, "माझं चुकलं रे. तुला विचारायला हवं होतं. हल्ली काही येतच नव्हतं ना, विचारायची सवयच मोडली."

आणि आमचे चिरंजीव काय म्हणाले? "असू द्या पप्पा. होतं असं कधीकधी." म्हणजे ज्याने माफी मागायची, तोच माफ करणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला. बसल्यावर तिथून उठणं किती अवघड असतं, हे त्याला पुढे कळत गेलं.

कारण दशरथराव त्या दिवसापासून आक्रसत गेले. आधी एटीएमचं कार्ड आणून अक्षताच्या हातात ठेवलं, "तूच काढत जा ग, माझ्या हातून काहीतरी व्हायचं." विहारातल्या कार्यक्रमांच्या सूचना वर्षानुवर्षं ते लिहायचे, ते काम सोडलं. स्कूटर घराखाली धूळ खात उभी राहिली. गोळीची पट्टी पुढे धरून विचारायचे, "ही सकाळचीच ना?" आणि ती सकाळचीच असायची. दर वेळी चेतनच्या तोंडाशी यायचं आणि दर वेळी तो चहा मागायचा.

"पप्पांना दाखवून आणूया का?" अक्षता म्हणाली. "विसरायला लागलेत की काय, मला भीती वाटते." चेतन तिलाही बोलला नाही. पुढे दशरथरावांनीच विषय काढला. मेंदूच्या डॉक्टरला दाखवू म्हणाले, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. तेव्हा त्या नालायकाने काय करावं? मुकाट्याने फोन करून वेळ घेतली.

त्याच आठवड्यात दशरथराव म्हणाले, "आक्काला सांगायला पाहिजे. दर शनिवारी डाव्या हाताने मोबाइलकडे बोट दाखवते, गाणी लाव म्हणते. मी आपला सांगतो, गाणी कॉम्प्युटरवर आहेत आणि तो दुरुस्तीला टाकलाय. मला नाही आता खोटं बोलवत. तू चल, माझी एकट्याची जीभ उचलायची नाही."

शनिवारी सकाळी दोघे विश्रांतवाडीला गेले. आत्या खिडकीपाशी खाटेवर होती, पाठीशी उशा लावलेल्या, पायांवर गोधडी. आत्याच्या सुनेने जय भीम केला, पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. दशरथराव खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी बहिणीचा चालता हात धरला.

"आक्का, तुझी गाणी गेली. माझ्या हातून गेली."

आत्याचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले.

"नको ते उघडलं मी. आईची सगळी गाणी गेली. लाख वेळा सांगतात, ओळखीचं नसेल तर उघडू नका. मी उघडलं. मला आता अक्कल राहिली नाही, आक्का. डॉक्टरकडे चाललोय पुढच्या आठवड्यात." त्यांना रडू फुटलं, आणि चेतनने जन्मात वडिलांना आईच्या वेळेखेरीज रडताना बघितलं नव्हतं. "चेतनने फार सांभाळून घेतलं मला. एवढं नुकसान झालं, पण पोरगा एका शब्दाने बोलला नाही."

इथे मात्र चेतनच्याने बसवेना. शिव्या घातल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या, पण हे कौतुक त्याला सोसलं नाही.

"पप्पा, तुमच्या हातून नाही गेली," तो म्हणाला. "मी बंद केलं होतं सगळं. संरक्षण, अपडेट, बॅकअप, सगळं मीच. ते चालू असतं तर तुम्ही काहीही उघडलं असतं तरी गाणी राहिली असती."

दशरथरावांना आधी कळलंच नाही. "का बंद केलंस?"

कामाच्या भाषेत सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मुदत संपली होती, कॉम्प्युटर जड चालत होता, नवं टाकायचंच होतं. पण आत्या बघत होती. "तुमचे फोन येत होते म्हणून," चेतन म्हणाला.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"म्हणजे मी म्हणालो, शहाणा झाला, तेव्हा?"

"हो."

"तू हसला होतास."

चेतनने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गाणी गेली ते एक वेळ सोड," दशरथराव म्हणाले. आवाज चढवला नाही, कचेरीत बोलत असावेत तसे सावकाश बोलले. "फोनचा त्रास होतो म्हणून सांगितलं असतंस तर मी केले नसते. तेही सोड. पण कार्ड सुनेच्या हातात दिलं तेव्हा तू समोर होतास. गोळ्या विचारत फिरत होतो तेव्हा समोर होतास. मला वाटलं, संपलो आपण. अंथरुणात पडून मी आठवून आठवून बघत होतो, नातेवाइकांची नावं येतात का, सगळ्या कालव्यांची नावं येतात का. आणि तुला माहीत होतं, मला काही झालेलं नाही."

"पप्पा, मला सांगायचं होतं, खरंच..."

"नाही सांगितलंस."

चेतन उठला आणि आत्याच्या पायांना हात लावायला वाकला. तिला बोलता येत नव्हतं, उजवा पाय हलत नव्हता. पण डावा हलत होता, तो तिने गोधडीखाली ओढून घेतला. चेतनचा हात तसाच राहिला. लहानपणी परीक्षेला जाताना याच पायांना हात लावून निघायचा तो, आणि आत्या पाठीत प्रेमाने धपाटा घालायची. त्याला वाटलं, आत्ता तिने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

दशरथरावांनी रुमालाने डोळे पुसले, चष्मा चढवला. "डॉक्टरची वेळ रद्द कर."

"करतो. घरी गेल्यावर..."

"आत्ता. माझ्यासमोर. आणि आवाज मोठा ठेव, मला ऐकू येऊ दे."

चेतनने फोन लावला. पलीकडून दवाखान्यातल्या बाईंचा रूक्ष आवाज आला. त्याने वडिलांचं नाव सांगितलं, वेळ रद्द करायची आहे म्हणाला.

"पुढची कधीची देऊ?"

"पुढची नको. त्यांना काही झालेलं नाही."

"हे तुम्हाला आज समजलं का?"

"नाही. आधीपासून माहीत होतं."

"अहो, मग वेळ घेतलीत कशाला?" बाई म्हणाल्या. "इथे खरे पेशंट थांबलेत."

चेतनने फोन कानाला लावायचा प्रयत्न केला, तर दशरथरावांनी हात पुढे करून तो खाली धरला. बाई पलीकडून हॅलो, हॅलो करत होत्या.

"विचारतायत त्या," दशरथराव म्हणाले. "सांग त्यांना."