फरशी वाकडी आहे

मी तपासणीचा लोखंडी पलंग बोलतोय. मुक्काम शिंदखेड्याजवळचा छोटा दवाखाना. शाळा पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

दोंडाईच्याच्या नूर महंमदचाचांनी मला घडवलं. जाड पाइप, पक्कं वेल्डिंग. लोक म्हणतात मी डुलतो. मी डुलत नाही. इथली फरशी वाकडी आहे.

इकडे पोट दुखलं की म्हणतात, बेंबी सरकली. मग तेल लावून चोळून घेतात. त्याने भागलं नाही की माझ्यावर येऊन पडतात. आमच्या रूपाली डॉक्टर मात्र पोटाला गुण देतात. अपेंडिक्स सुजलंय का, ते बोटांवर मोजतात. दहापैकी सात झाले की ऑपरेशनसाठी धुळ्याला. पाच-सहा झाले की थांबून नजर ठेवायची. आधी मला हसू आलं होतं. पोट काय परीक्षेला बसलंय?

एका सकाळी चाचा स्वतः आले. सोबत नात नौशीन, कमरेत वाकलेली.

“दुखायला कुठे लागलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“बेंबीपाशी. आता इथे.” तिने उजवीकडे खाली हात ठेवला. एक गुण. जेवण नको झालेलं, दुसरा. उलटी, तिसरा. ताप, चौथा. दुखऱ्या जागी नुसतं दाबलं तर ती कळवळली. त्याचे दोन.

“सहा झाले. रक्त तपासू. तोवर इथेच थांबा.”

“थांबायचंच तर मंजुळाबाईकडे नेतो,” चाचा म्हणाले. “चोळलं की बेंबी जागेवर. उठ, बेटा.”

माझं लोखंड गार पडलं. सुजलेलं अपेंडिक्स चोळलं तर फुटू शकतं, हे मी डॉक्टरांच्या तोंडून कितीदा ऐकलेलं. पण मला कोण विचारतो?

नौशीन उठू लागली. माझा पाय टक्कन वाजला.

“चाचा, बेंबी राहू द्या,” नर्स यशोदाबाई म्हणाल्या. “तुमचा पलंग सरकलाय, तो आधी बघा.”

चाचा लाल झाले. “माझा पलंग? हलतो?” नात वर बसलीय हे विसरून त्यांनी माझी कड धरली आणि गचकन हिसका दिला. “बघा, हलतो का!”

मी हललो. जन्मात पहिल्यांदा, मन लावून हललो.

“दादाजी, नको!” नौशीन उजवी बाजू धरून किंचाळली.

डॉक्टरांनी तिला आडवं केलं. हळूच दाबलं, झटकन सोडलं. सोडताना पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सात.”

चाचांनी माझी कड सोडली. “माझ्या हाताने झालं हे?”

“झालं नाही, चाचा. कळलं.”

“आते गाडी बलावू का बेंबी शोधू?” यशोदाबाईंनी विचारलं.

“गाडी.”

रक्तानेही दोन गुण दिले. धुळ्यात ऑपरेशन झालं. अपेंडिक्स टम्म सुजलं होतं, पण फुटलं नव्हतं. पोर वाचली. त्या दिवसापासून मी गुणांना हसत नाही.

महिन्याने चाचा माझ्या पायाखाली घालायला लोखंडी चकती घेऊन आले. नौशीन दारात शेव खात उभी. चाचांनी माझे चारही पाय मोजले. पुन्हा मोजले.

“सारखे आहेत. तुमची फरशी वाकडी.”

“चकती नका लावू, चाचा,” डॉक्टर म्हणाल्या. “असाच राहू द्या. हलला की दुखणं कळतं.”

चाचांनी चकती खिशात टाकली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तशी थाप कुठल्या साहेबाच्या खुर्चीलाही मिळत नाही.

तेव्हा ऐका. दुखणं बेंबीपासून उजवीकडे उतरलं तर चोळत बसू नका. येऊन माझ्यावर पडा. मी हललो तर मात्र मला बोलायचं नाही. फरशीला बोला.