पाठ टेकायची गाडी

दुकानात शिरल्यापासून आंदेने त्या बर्फगाडीकडे बघायचंच टाळलं होतं. दारातच ठेवली होती ती. रुंद, बुटकी, काळी, आणि मागे टेकायला ही एवढी जाड पाठ. त्याची बायको रिस्तेन मात्र सरळ तिच्यापाशी गेली आणि सोफा घ्यायला आल्यासारखी गादी दाबून बघू लागली.

"ये, बसून तर बघ," ती म्हणाली.

"ती पर्यटकांची आहे."

"का? पाठ फक्त पर्यटकांनाच असते?"

"हळू बोल जरा."

हळू बोलून काय होणार होतं म्हणा. सगळ्या गावाला माहीत होतं. ऑक्टोबरात, पहिल्याच बर्फात, रेनडिअरच्या कळपातून फुटलेल्या दोन माद्यांच्या मागे हा वेड्यासारखा सुटला आणि ओढ्याच्या काठावरून गाडीसकट खाली आदळला. कमरेचा मणका दबला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवून समजावलं, की बर्फगाडी चालवायचीच असेल तर बसून, पाठ टेकून, सावकाश चालवा. उभं राहून दणके खाणं आता विसरा. आंदेने मान डोलावली. डॉक्टरपुढे मान काय, सगळेच डोलावतात.

पण कळपाचं काम बसून होत नाही, हे त्या बाईंना कोण सांगणार? रेनडिअर हाकणारा माणूस गाडीवर बसतच नाही. एक गुडघा गादीवर, दुसरा पाय खालच्या पट्टीवर, मान वर आणि नजर लांब. उंचवट्यापलीकडे कुठलं जनावर बाजूला सरकतंय ते तसंच दिसतं, आणि दणकाही गुडघ्यात जिरतो. बसून चालवायचं ते म्हाताऱ्यांनी, नाहीतर तंबू-भांडी घेऊन मागून येणाऱ्यांनी. एप्रिलात गाभण माद्या पठारावरून समुद्राकडे न्यायच्या, तेव्हा कळपाची डावी बाजू आंदेची असे. लग्न झाल्यापासून त्याचीच. उभं राहता आलं तर ती त्याची राहणार होती, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी होणार होती. ऑक्टोबरापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

कळप हाकताना कुणी कुठल्या बाजूला राहायचं ते ठरवायचा इसात, रिस्तेनचा भाऊ. तोंडाचा असा फटकळ माणूस सगळ्या पठारावर सापडायचा नाही. गेल्या वर्षी योव्नाने केसाळ किनारीचे नवे हातमोजे आणले, तर इसातने त्या भल्या थोरल्या गड्याला मोसम संपेपर्यंत 'नवरीबाई' म्हणून हाक मारली. आणि दाजी म्हणून आंदेवर तर त्याचा हक्कच होता.

"ही गाडी बघून तुझा भाऊ काय म्हणेल, माहितीये?" आंदे म्हणाला.

"माहितीये. म्हणेल, दाजी, उशी देऊ का, पाय चेपून देऊ का. म्हणू दे की. त्याच्या बोलण्याने काही मणका मोडत नाही."

आंदेने कोपऱ्यातल्या अरुंद, हलक्या गाडीकडे बोट दाखवलं. "मला ती काढून दे." दुकानदार टोर्गेर बिचारा शांत माणूस. त्याने आधी रिस्तेनकडे पाहिलं. तेवढ्याने आंदेचं डोकं फिरलं. "तिला काय विचारतोस? चालवणार मी आहे."

दुकानामागे नदी गोठलेली होती. आंदेने गुडघा गादीवर टेकला, मान वर केली आणि निघाला. काय सुरेख गेली गाडी! थंड वारा तोंडावर आला आणि चार महिने अंगावर बसलेलं आजारपण मागे पडल्यासारखं वाटलं त्याला. त्याने एक मोठं वळण घेतलं, दुसरं घेतलं. मग कुणाच्या तरी गाडीची जुनी, गोठलेली चाकोरी आडवी आली. वीतभर उंचीची सुद्धा नव्हती. पण कमरेतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत गेली, आणि त्यामागून पाय गेला.

तो हळूहळू परत आला आणि दोघांसमोर गाडी थांबवून, गादीवर टेकून तसाच बसून राहिला.

"कशी वाटली?" टोर्गेरने विचारलं.

"छान. हलकी आहे."

"वळायला?"

"वळायला तर विचारूच नको. आणि हे हँडल काय गरम होतं. ब्रेकपण चांगले आहेत." आंदे बोलतच सुटला. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस गाडीच्या दिव्यांचं कौतुक करायला लागला.

"उतर मग," रिस्तेन म्हणाली.

"थांब जरा. इंजिनचा आवाज ऐकतोय."

रिस्तेन जवळ आली. एवढ्या गारठ्यात नवऱ्याच्या कपाळावर घाम होता. तिने हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"आता काय ऐकतोयस?"

आंदेने मान खाली घातली. "डावा पाय माझा वाटत नाहीये."

"कधीपासून होतं हे?"

"मधूनमधून होतं. नाताळापासून."

"आणि मला आत्ता सांगतोस? पठारावर एकटा असतास आणि वादळ आलं असतं म्हणजे?" रिस्तेनचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. तिला राग आला होता आणि भीतीही वाटली होती, आणि दोन्ही त्याला दाखवायचं नव्हतं. ती टोर्गेरकडे वळली. "तू आत जा. दारातली ती काळी गाडी पुढे काढून ठेव." तो आत गेल्यावरच तिने आंदेच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून खाली घेतलं.

काळी गाडी घरी आली. आंदे रोज तिच्यावरून नदीपर्यंत जाऊन यायचा आणि वाटेत इसातला द्यायची उत्तरं पाठ करायचा. उशी देऊ का म्हणाला, तर म्हणायचं, तुझ्या डोक्याखाली घे, आत भुसाच आहे. म्हातारे झालात म्हणाला, तर म्हणायचं, तुझी बहीण तक्रार करत नाही. हे उत्तर त्याला विशेष आवडलं होतं. रिस्तेनला मात्र त्याने ते सांगितलं नाही.

एप्रिलात सगळे पठारावरच्या झोपडीपाशी जमले. ऊन लख्ख पडलं होतं. बाहेर शेकोटीवर कॉफीची काळी किटली होती आणि माणसं कातड्यांवर बसून सुक्या मांसाचे तुकडे कॉफीत टाकत होती. आंदेने मुद्दामच गाडी सगळ्यांच्या पुढ्यात आणून उभी केली. एकदाचं होऊन जाऊ दे, असं त्याला झालं होतं.

इसात उठला. गाडीभोवती फिरला. मग हातमोजा काढून त्याने गाडीच्या पाठीवरचं बर्फ हलकेच झटकलं.

"चांगली गाडी आहे, दाजी," तो म्हणाला. "आरामशीर आहे."

आंदे वाट बघत राहिला. पुढे काहीच आलं नाही.

"पाठ कशी आहे?"

"बरी आहे."

"जपा हं," इसात म्हणाला. त्याने स्वतः कप भरून आंदेच्या हातात दिला, स्वतःच्या सुरीने मांसाचे मऊ तुकडे कापून दिले, आणि मग कामं वाटायला लागला. उजवी बाजू त्याने स्वतःकडे ठेवली. "दाजी, तुम्ही स्टोव्ह आणि तंबू घेऊन मागून या. काही घाई नाही." मग तो योव्नाकडे वळला. "ए नवरीबाई, डावी बाजू तुझी. तिथे डुलक्या काढू नकोस. आजवर तिथे माणूस होता."

सगळे हसले. योव्नाने त्याला शिवी हासडली, तेव्हा आणखी हसले.

"माझ्या गाडीला उशी आहे," आंदे मोठ्याने म्हणाला. "कुणाला झोप आली तर मागे या."

कुणी हसलं नाही. एकाने कपात पाहिलं. दुसऱ्याने उगाचच शेकोटीत लाकूड सारलं. इसात म्हणाला, "हो हो, येऊ की," आणि तेही अगदी मायेने म्हणाला.

आंदे उठला आणि बर्फातला चष्मा डोळ्यांवर ओढून गाडीवर जाऊन बसला. पाठ मागे टेकली. गादी कमरेला बरोबर बसली, आणि त्याच्या लक्षात आलं, की काहीच दुखत नाहीये. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदाच काही म्हणजे काही दुखत नव्हतं. त्याला रडू आलं.

खाली कळप हलला. शेकडो खुरांची ती बारीक टकटक सुरू झाली. योव्ना एक गुडघा गादीवर टेकून डाव्या अंगाने निघून गेला, आणि निघाला तोही बरोबर, जरा बाहेरून, जिथून आंदे निघायचा तिथून.

रिस्तेन तंबू-स्टोव्ह लादलेल्या घसरगाडीचा दोर ओढत आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं. पण शेकोटीपाशी तो कशाची वाट बघत होता आणि ते कसं आलंच नाही, हे तिनेही पाहिलं होतं.

"काय महाराज," ती चांगली मोठ्याने म्हणाली, "सिंहासनावरून खाली उतरणार, की दोरही मीच बांधू?"

आंदेने तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि रडायचं तर तो चष्मा वर करून रड. आतून गोठला म्हणजे मलाच खरवडत बसावं लागेल."

"अजून बोल," तो म्हणाला.

रिस्तेनने गाठ आवळली, ती पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. कळप दिसेनासा होईपर्यंत ती त्याला बोलत राहिली.