पेनर पीळ

“ताण की! घाबरतोस काय?” डारिया म्हणाली. “मागच्या वेळी कुणाला विचारलं नव्हतंस ते.”

लॉयड पेनरने नव्या हेडफोनच्या दोन्ही वाट्या दोन हातांत धरल्या होत्या, आणि ते हात काही केल्या हलत नव्हते. वाट्या एकमेकींपासून लांब ओढायच्या, वरची पट्टी फुटपट्टीसारखी सरळ होईपर्यंत. मग एक वाटी पुढे, एक मागे असा पीळ द्यायचा. हेडफोनवेड्या लोकांच्या फोरमवर या प्रकाराला ‘पेनर पीळ’ असं नावच पडलं होतं, आणि त्यातून सुटलेला हेडफोन लोक डोळे झाकून घेत. स्वतःच्या नावाची परीक्षा असणं हे सुख थोड्यांच्याच वाट्याला येतं. लॉयड दिवसा विनिपेगच्या पाणीखात्यात फुटक्या नळांच्या तक्रारी घ्यायचा, आणि तिथे लोक त्याला ‘अहो, पाण्यावाले’ म्हणून हाक मारायचे.

शेवटी त्याने श्वास रोखून ओढलं. पट्टी सरळ झाली, तिने पीळ खाल्ला आणि हात सैल होताच जशीच्या तशी जागेवर आली. साधं कुरकुरलीही नाही.

“पोलाद आहे, पोलाद!” डारियाने टाळी वाजवली. “आता लिही फोरमवरच्या तुझ्या त्या पंचांना. टिकतो म्हणून लिही, चांगलं ठळक अक्षरांत.”

“लिहितो ना,” लॉयड म्हणाला. येताना गाडीत त्याने तेवढंच ठरवलं होतं. काहीही असो, चांगलंच लिहायचं.

डारिया शाळेत संगीत शिकवायची आणि उरलेल्या वेळात घराच्या तळघरात हेडफोन बनवायची. उघड्या पाठीचे. वाटीच्या पाठीला भरीव झाकणाऐवजी जाळी असते. आतला आवाज बाहेर सांडतो, बाहेरचा आत शिरतो, पण त्या बदल्यात गाणं डोक्यात कोंबल्यासारखं वाटत नाही, समोर कुणी गात बसल्यासारखं वाटतं. असले हेडफोन म्हणजे श्रीमंतांचा शौक. आपल्या शाळेतल्या पोरांना ते शंभर डॉलरच्या आत मिळाले पाहिजेत, हे डारियाचं खूळ. खूळ चांगलं होतं, म्हणून तर लॉयडला जास्त लागत होतं.

तळघराच्या लहानशा खिडकीखाली तिचा बाप ओरेस्ट, तिचा ‘तातो’, खुर्चीत पाठमोरा बसला होता. त्याच्याही कानांवर हेडफोन होते आणि त्यातून त्सिंबालीचे सूर बारीक झिरपत होते. त्यांच्या समाजात लग्नात वाजवतात ते हे वाद्य, आपल्या संतूरच्या जातीचं. लॉयड आला तेव्हा म्हाताऱ्याने मागे न बघताच हात वर केला होता. लॉयडला तेही बरं वाटलं. त्याच्याकडे बघायची वेळ आली नाही.

गेल्या जानेवारीत डारियाच्या पहिल्या हेडफोनची फेरी निघाली होती. फेरी म्हणजे एकच नग टपालाने गावोगाव फिरतो. ज्याच्या घरी येईल त्याने आठवडाभर ऐकायचा, फोरमवर खरंखरं लिहायचं आणि पुढच्याला पाठवून द्यायचा. टोरांटोपासून सस्काटूनपर्यंत सगळ्यांनी आवाजाची तारीफ केली होती, पण टिकण्याबद्दल कुणी बोलेना. ते पेनरचं काम. त्याच्या दारात खोका आला त्या दिवशी उणे तीसची थंडी होती, आणि खोका सकाळपासून बाहेरच्या पायरीवर पडलेला. असा खोका घरात आणला की निदान संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे या लोकांत शेंबडं पोरही जाणतं. गारठलेलं प्लास्टिक काचेसारखं वागतं. कुणी हा नियम मोडला की फोरमवर त्याची बिनपाण्याने करणारा पहिला माणूस लॉयडच असायचा. पण त्या दिवशी त्यालाच दम निघाला नाही. बूटसुद्धा न काढता त्याने खोका फोडला, उभ्याउभ्या पीळ दिला आणि पट्टी काडकन मोडली.

मोडल्याक्षणी त्याला कारण कळलं होतं. तरी त्याने लिहिलं: आवाज अप्रतिम, पट्टी कुचकामी. थंडीबद्दल चकार शब्द नाही. ज्यावरून आपण दुसऱ्यांना झापत आलो तेच आपण केलं, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं? जरा दिवस जाऊ देत, मग सांगू, असं करता करता हिवाळा सरला. मोडका नग त्याने डारियाला परत पाठवला, सोबत दोन गोड ओळी लिहून.

ती पट्टी ओरेस्टची होती. जन्मभर बसच्या कारखान्यात साचे घडवलेला माणूस. मुलीसाठी त्याने पट्टीचा नमुना आधी लाकडात कोरला, स्वतःच्या डोक्यावर, शेजाऱ्यांच्या डोक्यावर, चर्चमधल्या बायकांच्या डोक्यावर बसवून पाहिला आणि मगच साचा केला. लॉयडचं लिखाण आलं आणि मागणी आटली. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. “माझा हात गेला आता,” एवढंच म्हणाला आणि कामाच्या टेबलावरून उठून खिडकीखाली जाऊन बसला. हे डारियाने वसंतात, दुकानात पावाच्या फळीपाशी भेट झाली तेव्हा, लॉयडला सहज सांगितलं होतं.

“आता ऐक,” डारियाने वायर जोडली. “मी बोलत नाही मधे.”

लॉयडने नेहमीचं गाणं लावलं. आपल्या चर्चच्या गायनवृंदाचं त्याने स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण. त्यात एका ठिकाणी, मागे डावीकडे, कुणी बाई वहीचं पान उलटते. जुन्या हेडफोनच्या मोडक्या वाट्या हातांनी कानांशी धरून ऐकताना ते पान असं काही वाजलं होतं, की लॉयडने मान वळवून मागे पाहिलं होतं, आपल्याच रिकाम्या खोलीत.

आताही पान उलटलं. पण कुठे, ते कळेना. खालचे आवाज फुगले होते आणि अख्खा वृंद कपाटात उभा करून कुणी दार लोटून घेतल्यासारखा गात होता. कारण हाताला लागत होतं. पोलादाचं वजन पेलायला डारियाने वाटीला जाडजूड कडं बसवलं होतं आणि अर्धी जाळी त्या कड्याखाली गेली होती. लॉयडने गाणं संपेपर्यंत डोळे मिटून घेतले. आवडलं म्हणून नव्हे. डोळे उघडले की तिला काहीतरी सांगावं लागणार होतं.

“काय मग?”

“मजबूत आहे.”

“ते बघितलं रे मी. आवाज?”

“आवाज…”

“सांग की लवकर, जीव टांगून ठेवू नकोस. सोमवारी पट्ट्यांची आणि कड्यांची मोठी ऑर्डर देतेय. एकदा दिली की परत फिरता यायचं नाही. तू हो म्हण, म्हणजे मी सुटले.”

लॉयडने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ‘छान आहे’ हे दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. ते म्हटले की डारिया खूश, आणि त्याचं पाप फिटलं असं त्यालाही वाटलं असतं. पण मग त्याच्या शब्दावर पोरं हा मुका हेडफोन घेणार होती, आणि खिडकीखालचा माणूस कायमचा कुचकामी ठरणार होता. लॉयडने त्या पाठीकडे पाहिलं. स्वेटर कोपरावर विरला होता.

“त्यांना ऐकू जाईल का?” त्याने आवाज उतरवला.

“तातोला? छे. एकदा हेडफोन चढवले की घर कोसळलं तरी पत्ता नसतो त्याला.”

“डारिया, ती जुनी पट्टी चांगली होती.”

“चांगली होती, म्हणून मोडली ना!”

“मी गार असताना पिळली ती.”

“म्हणजे?”

“खोका दिवसभर बाहेर होता. आत आणला, फोडला आणि पिळली. बूटसुद्धा काढले नव्हते मी.”

डारियाने टेबलावरचा एक स्क्रू उचलला, डबीत टाकला, पुन्हा काढला. तिच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला, कारण आधी तिला ते खरंच वाटेना.

“तू? अरे, रेजायनाच्या त्या पोराने तेच केलं तर केवढा बोलला होतास त्याला. माठ म्हणालास.”

“हो.”

“आणि मला आत्ता सांगतोस?”

“लाज वाटली. रोज ठरवायचो, रोज वाटायची.” लॉयड घाईघाईने बोलू लागला. “हे नवीन नको घेऊस. आवाज मेलाय गं याचा. जुनाच कर परत. मी सगळं लिहितो, आजच, माझ्या नावानिशी. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. साचा आहे ना अजून?”

“कुठला साचा! सप्टेंबरात भंगारात गेला. तातोनेच गाडीत चढवला. मी म्हणत होते, असू दे कोपऱ्यात. तर म्हणे, खोटा साचा घरात ठेवू नये, उद्या कुणीतरी विसरून वापरेल.”

सांगून टाकलं की मोकळं वाटेल, अशी लॉयडची कल्पना होती. उलट आता कुठे त्याला आपण काय केलं ते कळत होतं.

“त्याला सांगायचं नाही,” डारिया दबक्या आवाजात म्हणाली. “आत्ता कुठे जरा जेवतो-बोलतो. स्वतःच्या हाताने चांगला साचा मोडीत घातला हे कळलं तर झुरून मरेल तो. तोंड उघडलंस तर बघ.”

“बरं.”

“बरं काय! मोठा आला परीक्षा घेणारा.”

लॉयडने मान खाली घातली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की त्सिंबाली वाजत नाहीये. कधी थांबली ते त्याला सांगता आलं नसतं. कानांवर आयुष्य काढलेली ती दोन माणसं; उघड्या पाठीतून बाहेरचं सगळं आत जातं हे आल्यागेल्याला समजावून सांगणारी. पण समोरच्याच्या कानांवर काही दिसलं की माणूस बेसावध होतो, तशी तीही झाली होती.

ओरेस्टने खुर्ची वळवली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पट्टी प्लास्टिकची होती, तपकिरी. मधोमध, जिथे लॉयडने मोडली होती तिथेच, तिला तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून बांधलेली होती.

“किती गार होती?” त्याने विचारलं.

“तातो…” डारिया पुढे झाली. त्याने तिला हाताने थांबवलं.

“बोटं चिकटत होती,” लॉयड म्हणाला.

“आणि कशी पिळलीस? दाखव.”

लॉयडने रिकामे हात वर केले. लांब ओढले, एक पुढे, एक मागे. म्हातारा त्याच्या मनगटांकडे नीट बघत होता.

“हं,” तो म्हणाला. “मग मोडणारच.”

मग त्याने हेडफोन पुढे केला. “घे. ऐक.”

लॉयडने तो दोन्ही तळव्यांवर घेतला. डोक्यावर बसवताना पट्टी ताणली जाऊ नये म्हणून त्याने आधी एक वाटी टेकवली, मग दुसरी. तेच गाणं लावलं. वृंद समोर उभा राहिला, ओळीत, प्रत्येक जण आपापल्या जागी, आणि त्यांच्यामागे चर्चच्या भिंतीही होत्या. पान उलटलं तशी त्याची मान आपोआप वळली. मागे डारिया उभी होती, डोळे पुसत. लॉयडला पुढचं ऐकवेना. त्याने हेडफोन उतरवला.

“कसाय?” ओरेस्टने विचारलं.

“याच्यासारखा मी दुसरा ऐकलेला नाही.”

“तेव्हाही तू असंच लिहिलं होतंस आवाजाबद्दल. मी वाचलं होतं.” म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच लॉयडला सोसेना. “पुन्हा पुन्हा वाचलं. म्हटलं, हा माणूस खोटं लिहीत नाही. आवाजाचं खरं आहे, तर पट्टीचंही खरंच असणार.”

“मला माफ करा,” लॉयड म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्याने मनात रचलेल्या लांबलचक वाक्यांतलं एकही त्याला आठवलं नाही.

ओरेस्टने हात पुढे केला.

“दे इकडे. अर्धं गाणं राहिलंय माझं.”

तांब्याची तार अंगठ्याने चाचपून त्याने हेडफोन कानांवर चढवला आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली. त्सिंबाली बारीक वाजू लागली. लॉयडने कोट उचलला, पण जाववेना. त्याला डारियाला बरंच काही सांगायचं होतं, आणि तिला तर त्याला कितीतरी सुनवायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण समोर त्या दोन जाळ्या होत्या, सगळं आत पोचवणाऱ्या. ती तशीच थांबली. दोघंही गप्प उभी राहिली आणि गाणं मधे कुठे थांबतंय का, ते ऐकत राहिली.