चुळबुळीची हिरवी चटई

मित्रांनो, वर्गाच्या दारामागे गुंडाळून उभी असलेली जी हिरवी चटई तुम्हाला दिसते, ती मी. माझे वय फार नाही, पण झिजले मात्र लवकर. टाचा टेकून टेकून खालच्या बाजूचा रंग उडाला आहे. एक गोष्ट आधीच कबूल करते, मी फार भित्री आहे. चटईला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण माणसे तोंडाने काहीही सांगोत, त्यांची पाठ माझ्यापासून काही लपवू शकत नाही. मुलांच्या पाठीतली धडधड ऐकत मी लहानाची मोठी झाले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराच्या लांबच लांब गुंडाळीतून चटया कापत कापत कामगार शेवटापर्यंत आला, तेव्हा उरलेला तुकडा चार बोटे आखूड भरला. "असू दे, लहान मुलांना चालेल," असे म्हणून त्याने मला गठ्ठ्यात टाकले. अशी मी एका शाळेत, तिसरीच्या वर्गात येऊन पडले.

या वर्गाच्या बाई फार मायाळू. सकाळी मुले येत तीच कावरीबावरी होऊन. कुणाचा गृहपाठ राहिलेला, कुणाला पाढ्यांची धास्ती, कुणाच्या घरी आदल्या दिवशी आदळआपट झालेली. म्हणून पहिल्या तासाआधी बाई सगळ्यांना दहा मिनिटे योग शिकवू लागल्या. मांजरासारखी पाठ उंच करायची, मग लांब श्वास घ्यायचा आणि शेवटी शवासनात आडवे पडायचे. "पोटावर हात ठेवा. पोटाचा फुगा होऊ द्या. घाई नाही," असे त्या म्हणायच्या.

माझ्या वाट्याला आली चुळबुळी. खरे नाव हजेरीपटात होते, तिथेच राहिले. तिच्या अंगात जणू मुंग्या भरल्या होत्या. पहिल्या दिवशी तिचे काळीज इतके धडधडत होते की माझीच पाचावर धारण बसली. पण महिनाभरात ती सैल पडू लागली. एकदा तर चक्क घोरली! मुले फिदीफिदी हसली, तरी बाईंनी तिला उठवले नाही. पाढे झाल्यावर ती डोळे चोळत उठली, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

आणि मग मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, वर्गात डोकावले.

मोठे सर वाईट नव्हते हो. पण एखादी गोष्ट त्यांना आवडली की तिच्यात पहिला-दुसरा नंबर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आडवी पडलेली मुले बघून ते म्हणाले, "वा! इतकी शांतता या शाळेत मी पहिल्यांदाच बघतोय." आठवड्याभरात फलकावर सूचना लागली, 'शांततेची स्पर्धा'. मोठ्या दालनात प्रत्येक वर्गाने दहा मिनिटे शवासन करायचे. पाहुणे येणार. एक जरी मूल हलले तरी त्याचा सगळा वर्ग बाद. जिंकेल त्या वर्गाला ढाल.

"सर, मुलं आत्ता कुठे निवांत व्हायला लागलीत," बाई हळूच म्हणाल्या.

"मग तेच तर दाखवायचंय पाहुण्यांना!"

बाई गप्प बसल्या. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्या दिवशी मला गुंडाळताना त्यांची बोटे गार पडली होती.

आता औषधच रोगापेक्षा जालीम झाले. माझ्यावर पडणारी पाठ पुन्हा ताठ झाली. वर्गाची मॉनिटर शेजारच्याच चटईवर असायची. तिने चुळबुळीला गाठून सांगितले, "तू हललीस ना, तर बघ. सगळ्या वर्गाची वाट लागेल तुझ्यामुळे." चुळबुळीने मला काखोटीला मारले आणि सरावासाठी घरी नेले.

तिचे बाबा घरे रंगवायचे. शिडीवरून पडल्यामुळे त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. घरात बसून त्यांचा जीव विटला होता. लेकीचा सराव घ्यायला मिळाल्यावर त्यांना हुरूप आला. घड्याळ घेऊन ते खुर्चीत बसायचे. "हललीस! पुन्हा पहिल्यापासून."

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यातून दमून यायची. "अहो, पोरीला जरा दम तर खाऊ द्या."

"दम कसला? नुसतं पडून तर राहायचंय!" मग ते हसून म्हणाले, "हात नाही हलत, पाय नाही हलत. आता पोट तेवढं हलतंय बघ!"

ही नुसती थट्टा होती. आईसुद्धा हसली. पण मुलीने ती खरी मानली. तिने मोठा श्वास घेतला आणि आतच कोंडून धरला. मी मोजू लागले. वीस. तीस. चाळीस. चोरून एक इवलासा श्वास, आणि पुन्हा दार बंद.

"शाब्बास! आता कशी दगडासारखी!" बाबांनी टाळ्या वाजवल्या.

रोज आकडा वाढत गेला. पन्नास. साठ. मला ओरडावेसे वाटे, पण चटईला तोंड नसते.

स्पर्धेचा दिवस उजाडला. दालनात सगळ्या चटया ओळीने पसरल्या. पाहुणे रांगांमधून हिंडू लागले. बुटांचा आवाज जवळ आला तसा चुळबुळीने श्वास धरला. बूट नेमके माझ्याजवळ थांबले. "ही मुलगी बघा," पाहुणे कौतुकाने म्हणाले, "पापणीसुद्धा लवत नाही!" मोठे सर हसले. बूट हलेनात. मी मोजत होते. साठ झाले, सत्तर झाले. तिचे तळवे घामाने थबथबले. काळीज आधी धावत सुटले, मग अडखळले. कुणीतरी बघा रे तिच्याकडे, मी आतल्या आत आकांत करत होते. बघत तर सगळेच होते!

अचानक तिची मूठ उघडली. मान एका बाजूला कलंडली.

तेवढ्यात शेजारच्या चटईवरून मॉनिटर ताडकन उठून बसली. "बाई! ही श्वासच घेत नाहीये! बाई, लवकर या!"

पुढचा गोंधळ मला नीटसा आठवत नाही. बाई धावत आल्या, त्यांच्या गुडघ्याचा जोरात धक्का बसला एवढे आठवते. मग माझ्यावर एक मोठा, खरखरीत श्वास फुटला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकायची इच्छाही नाही.

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. तिसरीचा वर्ग बाद झाला, ढाल पाचवीला गेली. चटया कपाटात गेल्या आणि पुढे कितीतरी आठवडे अंधारात आम्ही धूळ खात पडलो. कपाट उघडले की हिरवा रंग बघून चुळबुळी बाकाखाली पाय ओढून घ्यायची. आम्ही कशासाठी आलो होतो आणि काय होऊन बसलो!

एके दिवशी बाईंनी आम्हाला बाहेर काढले. चुळबुळीच्या आई-बाबांनाही बोलावले होते. "चूक माझी," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मला कळत होतं, पण मी घाबरले आणि गप्प बसले."

"तुमची कसली, बाई," बाबा कुबडी सावरत म्हणाले. "पोट हलतंय म्हणून मीच हसलो होतो."

त्या दिवसापासून वर्गात नवा नियम आला. शवासनात हलायचे, खाजवायचे, कूस बदलायची, नको असेल तर नुसते बसायचे. चुळबुळी सगळ्यात शेवटी माझ्यावर आली आणि मॉनिटरकडे तोंड करून कुशीवर पडली. मॉनिटरने हात पुढे केला, तो तिने घट्ट धरला.

सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. बाहेर बुटांचा आवाज आला की अजूनही तिचा श्वास अडकतो. आणि मी मोजू लागते.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटकून ठेवा, असले काही मी मागत नाही. माझी एवढीच विनंती आहे. घरात किंवा वर्गात एखादे मूल फारच शहाण्यासारखे गप्प पडलेले दिसले, तर शाबासकी देण्याआधी त्याच्या जवळ जा. ते श्वास घेते आहे ना, बघा. घेत नसेल तर ओरडा, सगळी स्पर्धा मोडली तरी ओरडा. तुम्हाला तोंड आहे.