बाबाजींचा खरा आकडा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारं एक जुनं यंत्र आहे. लाकडी पेटी, काचेच्या नळीत पारा आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. पण वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीचं आहे, तेव्हा जरा सरळ बसून ऐका.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या दक्षिण भागात तेव्हा गोऱ्यांची इस्पितळं काळ्या माणसांना दारातूनच परत पाठवायची. म्हणून एका गावातल्या काळ्या लोकांनी रडत न बसता चर्चच्या मागच्या खोलीत स्वतःचा दवाखाना उघडला. सुतारांनी खाटा केल्या, बायकांनी चादरी शिवल्या. मला तिथल्या नर्सबाईंनी आणलं. त्यांचा एक नियम होता: जो शिकेल, त्याने आणखी एकाला शिकवायचं. न्हावी, शिक्षिका, सुईण, सगळे मला वापरायला शिकले. मला भारी अभिमान वाटायचा.

नर्सबाईंची मुलगी लोरीनही नर्स झाली आणि मला घेऊन शारजातल्या एका शाळेत नोकरीला आली. पुढे दोन हजार आठची मंदी आली. शेजारच्या उम्म अल कुवैनमधल्या एका कॅम्पातल्या कामगारांची कंपनी बुडाली, मालक गायब झाला आणि त्यांची हेल्थ कार्डं बाद झाली, म्हणजे इस्पितळाचं दारही बंद. हे कळताच लोरीनबाई मला काखोटीला मारून शुक्रवारच्या सुट्टीत तिथे पोचल्या. त्यांनी आईच्या गावाची गोष्ट सांगितली आणि तो नियमही. सर्वांत आधी शिकले बाबाजी, रत्नागिरीकडचे, परांची बांधणारे. त्यांनी आपल्या खोलीतल्या खैरुद्दीनला शिकवलं. जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात आमचा दवाखाना सुरू झाला. ज्याचा दाब वाढलेला दिसे, त्याला लोरीनबाई ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवायच्या. ते फी घेत नसत.

बाबाजी सगळ्यांची थट्टा करत मोजायचे. "लोणचं बंद, हबीबी!" स्वतःचा दाब मात्र ते एकटे असताना मोजायचे आणि वहीत दर वेळी एकशे तीस लिहायचे. मी तर एकशे नव्वद दाखवत होतं! खोर फक्कानच्या बंदरात त्यांना परांची बांधायचं नवं काम मिळणार होतं आणि आजारी माणसाला कोण घेईल, ही त्यांची भीती होती. मला रागही यायचा आणि कीवही. पण आकडा दाखवणं तेवढं माझं काम, लिहिणारा दुसराच.

एका शुक्रवारी खैरुद्दीनने वही पाहिली, बाबाजींचा लाल चेहरा पाहिला आणि त्यांच्याच दंडाला पट्टा गुंडाळला. पारा दोनशे दहावर गेला.

"एकशे तीस लिही. खलास," बाबाजी म्हणाले.

"नाय लिवणार. जो दिसेल तोच आकडा लिवायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"अरे, काम जाईल माझं. घरी पोरीला काय सांगू?"

"आणि परांचीवरून पडलात, तर मी काय सांगू तिला, बाबाजीभाऊ?"

बाबाजींनी दंडाचा पट्टा सोडला. मग उठले. "यल्ला, चल डॉक्टरकडे."

वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली आणि दोन महिन्यांनी बाबाजी नव्या कंपनीची मेडिकल पास होऊन खोर फक्कानला गेले.

आता बॅटरीवर चालणारी यंत्रं आली आहेत. लोरीनबाईंनी मला कॅम्पातच ठेवलं, तेव्हा मी खैरुद्दीनच्या कपाटात असतं. पण बाबाजी सुट्टीला कॅम्पात आले की मला बाहेर काढायला लावतात आणि सगळ्यांसमोर बाही वर करून म्हणतात, "पहिला माझा मोज, आणि मोठ्याने सांग."

मित्रांनो, माझी काच जपा, मला धक्का लागू देऊ नका. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात सगळ्यांची तब्येत विचारणारं जे माणूस असेल, त्याची तब्येत आज तुम्ही विचारा.